चष्मेवाल्यांची दुर्बीण

पक्षी पाहण्यास पैसा लागत नाहीं. पहाटे उठण्याची तयारी, थोडा संयम आणि उघडे डोळे एवढें भांडवल पुरतें. त्यांतून आपलें गांव ह्या बाबतींत भाग्यवान् आहे. अंजनगांव व सुर्जी ह्यांच्या मधून वाहणारी शहानूर नदी, भोंवतालचे पानमळे, केळीच्या बागा, तुरी-कपाशीचीं शेतें आणि उत्तरेकडे आडवी पसरलेली मेळघाटच्या डोंगरांची ओळ, इतक्या निरनिराळ्या जागा थोडक्या अंतरांत असल्यावर पक्ष्यांना काय तोटा? तारेवर बसलेला नीलपंख, बांधावर ओरडणारी टिटवी, बाभळीला टांगलेलीं सुगरणीचीं घरटीं, हिवाळ्यांत नदीकांठीं शेपटी हालवीत फिरणारा धोबी, हे सारे नुसत्या डोळ्यांनींहि ओळखूं येतात. परंतु पक्षी दूर असला, लहान असला, किंवा पिंपळावरच्या हरियालाप्रमाणें पानांच्या रंगांत मिसळून गेला, म्हणजे नुसता डोळा थकतो आणि दुर्बिणीची आठवण होते.

येथेंच चष्मा लावणाऱ्या मुलामुलींची अडचण सुरू होते. दुर्बीण हातीं येतांच तीं आधीं चष्मा काढून खिशांत घालतात, मग दुर्बीण डोळ्यांस लावतात, मग चाक फिरवूं लागतात. तोंवर पक्षी उडून गेलेला असतो. जीं चष्मा न काढतां पाहतात, त्यांना भोंवतीं काळें कडें आणि मध्यें रुपयाएवढा उजेड दिसतो. दोन-चार वेळां असें झालें म्हणजे तीं दुर्बीण शेजाऱ्याच्या हातांत देतात आणि मनाशीं ठरवितात कीं हा छंद आपल्यासाठीं नव्हे. दोष मुलांचा नसतो, डोळ्यांचाहि नसतो. दुर्बीण निवडतांना चष्म्याचा विचार कोणीं केलेला नसतो, हें त्याचें खरें कारण आहे. तो विचार कसा करावा, हें विद्यार्थी व पालक ह्या दोघांनाहि कळावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

दुर्बिणींतून स्पष्ट दिसणें ही चैन नव्हे, हें रानपिंगळ्याच्या हकीकतीवरून समजेल. गांवांतील जुन्या झाडांच्या ढोलींत राहणारा ठिपकेदार पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याचाच एक दुर्मिळ भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. इ. स. १८८४ नंतर ११३ वर्षें ह्या पक्ष्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो पृथ्वीवरून नाहींसा झाला असावा अशी भीति अभ्यासकांना वाटत होती. इ. स. १९९७ च्या नोव्हेंबर महिन्यांत पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांना तो खानदेशांत शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानांत पुन्हां दिसला, आणि पुढें आपल्या मेळघाटांतहि तो आढळला. हा पक्षी दिवसांहि वावरतो, त्यामुळें तो दृष्टीस पडण्याचा संभव असतो. पण दिसला तरी तो ओळखावा कसा? ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते फिके, जवळजवळ नसल्यासारखे असतात. उलट पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात. साऱ्या ओळखीचा भार एवढ्याशा फरकावर! ज्याला डोक्यावरचे ठिपके स्पष्ट दिसले नाहींत, त्याच्या दृष्टीनें दोन्ही पिंगळे एकच.

आतां दुर्बिणीकडे वळूं. प्रत्येक दुर्बिणीवर ८ × ४२, १० × ५० असे दोन आंकडे असतात. पहिला आंकडा वाढीचा. ८ म्हणजे ८० मीटरांवरचा पक्षी १० मीटरांवर बसल्यासारखा दिसतो. दुसरा आंकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागलें कीं मागच्या भिंगांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८ × ४२ च्या दुर्बिणींत तो सव्वापांच मिलिमीटर होतो, २० × ५० च्या दुर्बिणींत अवघा अडीच. पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या मंद उजेडांत डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या वेळीं मोठें वर्तुळ असलेली दुर्बीण अधिक उजळ दिसते. शिवाय वर्तुळ मोठें असलें म्हणजे डोळा किंचित् इकडे-तिकडे सरकला तरी देखावा हरवत नाहीं. चष्म्यामुळें डोळा व दुर्बीण ह्यांची मांड थोडी ढिली असते, म्हणून ही सवलत चष्मेवाल्यांना विशेष मोलाची आहे.

पुष्कळ पालक दुकानांत मोठ्या आंकड्यालाच भुलतात. आठापेक्षां वीस मोठे, तेव्हां वीसवाली दुर्बीण अधिक चांगली, असा हा हिशेब! पण दुर्बीण पक्ष्याला जशी मोठी करते तशीच हाताच्या कंपालाहि मोठी करते. वीसपट वाढीच्या दुर्बिणींतून फांदीवरचा पक्षी पाण्यावरील सांवलीप्रमाणें हालतो, आणि दिसणारें क्षेत्र इतकें अरुंद होतें कीं पक्षी त्यांत सांपडतच नाहीं. पक्षी पाहण्यास आठपट वाढ उत्तम. हात स्थिर असेल त्यानें दहापट घ्यावी. त्यापुढें जाऊं नये. एकाच दुर्बिणींत वाढ कमी-अधिक करतां येते अशा 'झूम' दुर्बिणी दिसावयास आकर्षक असतात, पण त्यांचें क्षेत्र बहुधा अरुंद असतें. तशीच पुढच्या भिंगांवर माणकासारखी लाल झांक मारणारी स्वस्त दुर्बीण. ती झांक म्हणजे आंत जावयाचा लाल प्रकाश बाहेर परतला असा अर्थ आहे. अशा दुर्बिणींतून पाहिलेल्या पक्ष्याचे रंग हिरवट होतात.

हे दोन आंकडे अंगावर कोरलेले असतात. परंतु चष्मेवाल्यांच्या कामाचा तिसरा आंकडा बहुधा खोक्यावर किंवा सोबतच्या पत्रकांत बारीक अक्षरांत दडलेला असतो. त्यास 'आय रिलीफ' म्हणतात. आपण त्यास डोळ्याचें अंतर म्हणूं. मागच्या भिंगांतून निघालेले किरण भिंगाबाहेर कांहीं मिलिमीटरांवर एकत्र येतात आणि वर सांगितलेलें प्रकाशाचें वर्तुळ तेथें तयार होतें. भिंगापासून त्या वर्तुळापर्यंतचें अंतर तें हें. डोळ्याची बाहुली बरोबर त्या जागीं आली तर सारा देखावा दिसतो; ती मागें राहिली तर देखाव्याच्या कडा गळून जातात. दाराच्या लहान छिद्राला डोळा भिडवला तर सारें अंगण दिसतें आणि वीतभर मागें सरलें तर तुळशीवृंदावनाचा तुकडा तेवढा दिसतो, तसाच हा प्रकार समजावा.

चष्म्याची कांच डोळ्यापासून साधारणपणें १२ ते १४ मिलिमीटर पुढें असते. तिची स्वतःची जाडी आणखी एक-दोन मिलिमीटर. म्हणजे चष्मा लावलेल्याचा डोळा दुर्बिणीच्या तितका मागें राहणारच. दुर्बिणीचें अंतर १० मिलिमीटर असेल, तर चष्मेवाल्यानें कितीहि दाबून धरली तरी त्याची बाहुली योग्य जागीं पोंचणार नाहीं. म्हणून चष्मेवाल्यांनीं निदान १५ मिलिमीटर अंतराची दुर्बीण पाहावी. १७-१८ असल्यास अधिक सुखाची. कांचा जाड असतील किंवा चौकट नाकावर पुढें बसत असेल, तर त्याहून थोडें जास्त.

ही अडचण आजची नाहीं. गॅलिलिओनें इ. स. १६०९ मध्यें जी दुर्बीण बनविली तिचें डोळ्याकडचें भिंग अंतर्गोल होतें. तशा रचनेंत प्रकाशाचें वर्तुळ बाहेर पडतच नाहीं. डोळा भिंगाला भिडवावा लागतो. जुन्या काळीं युरोपांत नाटकगृहांत वापरीत त्या दुर्बिणी ह्याच जातीच्या, आणि खेळण्यांच्या दुकानांतील प्लॅस्टिकच्या दुर्बिणीहि बहुधा त्याच वळणाच्या असतात. इ. स. १६११ मध्यें केप्लरनें दोन्ही भिंगें बहिर्गोल घेण्याची रचना सुचविली. तींत वर्तुळ बाहेर येतें, पण चित्र उलटें दिसतें. तें सुलटें करण्यासाठीं कांचेच्या लोलकांची योजना इटलींतील इग्नात्सिओ पोरो ह्यानें इ. स. १८५४ मध्यें नोंदविली, आणि जर्मनींतील कार्ल झाइस कारखान्यानें इ. स. १८९४ मध्यें तशा दुर्बिणी बाजारांत आणल्या. तरीहि चष्मेवाल्यांकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नव्हतें. इ. स. १९५० नंतरच्या दशकांत झाइसनें मुद्दाम चष्मेवाल्यांसाठीं दुर्बिणी काढल्या व त्यांच्या नांवापुढें 'बी' हें अक्षर जोडलें. जर्मन भाषेंत चष्म्यास 'ब्रिले' म्हणतात, त्याचें तें आद्याक्षर. आज ही सोय अनेक कारखान्यांच्या दुर्बिणींत मिळते. मात्र ती मागून घ्यावी लागते.

खोक्यावरील आंकड्यावरहि डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. कारखानदार अंतर मोजतो तें मागच्या भिंगाच्या कांचेपासून. ती कांच कांहीं दुर्बिणींत कडेपासून चांगली तीन-चार मिलिमीटर आंत बसविलेली असते, आणि चष्मा टेंकतो तो कडेला! त्यामुळें खोक्यावर १७ असलें तरी उपयोगी १३ च असूं शकतात. खरें अंतर घरच्या घरीं मोजण्याचा एक सोपा प्रयोग आहे. दुर्बीण टेबलावर ठेवून पुढचीं भिंगें खोलीच्या पलीकडील उजेडाच्या खिडकीकडे किंवा विजेच्या दिव्याकडे करा. मागच्या भिंगाजवळ पातळ पांढरा कागद धरा. त्यावर उजेडाचा ठिपका पडेल. कागद हळूहळू मागें न्या. ज्या ठिकाणीं ठिपका सर्वांत लहान आणि कडेला रेखीव दिसेल, तें वर्तुळाचें स्थान. आतां कंपासपेटींतील पट्टीनें दुर्बिणीच्या मागच्या कडेपासून कागदापर्यंतचें अंतर मोजा; तेंच तुमच्या चष्म्याला मिळणारें खरें अंतर. ठिपक्याचा व्यासहि मोजून पाहा. भागाकाराचें उत्तर कागदावर उतरलेलें दिसेल! मात्र एक ताकीद कायमची लक्षांत ठेवा: दुर्बीण सूर्याकडे कधींहि रोखूं नये. तिच्यांतून सूर्याकडे क्षणभर पाहिल्यानेंहि दृष्टि कायमची जाऊं शकते.

मागच्या भिंगांभोंवतीं रबराचीं कडीं असतात. तीं वर ओढतां येतात किंवा फिरवून चढवितां येतात. जुन्या तऱ्हेचीं दुमडून बसवितां येतात. त्यांचें काम डोळा योग्य अंतरावर ठेवण्याचें. चष्मा नसलेल्यानें तीं चढवावीं, चष्मा असलेल्यानें पूर्ण उतरवावीं. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळें कित्येकांची चांगली दुर्बीण निष्कारण बदनाम होते. कडीं नुसत्या धातूचीं किंवा कडक प्लॅस्टिकचीं असतील तर ती दुर्बीण घेऊं नये. चष्म्याच्या कांचेवर चरे पडतात.

दुकानांत जातांना ज्या मुलासाठीं दुर्बीण घ्यावयाची त्याला, त्याच्या चष्म्यासह, बरोबर न्यावें. कडीं उतरवून दोन्ही नळ्या इतक्या जवळ-दूर कराव्या कीं दोन वर्तुळांचें एकच वर्तुळ दिसेल. मग समोरच्या भिंतीकडे किंवा कौलांकडे पाहून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती विटा अथवा कौलें दिसतात तीं मोजावीं. त्यानंतर कडीं चढवून, चष्म्याशिवाय, तींच पुन्हां मोजावीं. अंधुक दिसलीं तरी चाक फिरवून मोजण्यापुरतीं स्पष्ट करतां येतात. दोन्ही संख्या जवळजवळ सारख्या आल्या तर दुर्बीण चष्म्याला योग्य. चष्मा लावल्यावर संख्या बरीच घटली तर किंमत कितीहि कमी असो, ती परत ठेवावी.

दुसरी परीक्षा दोन डोळ्यांच्या जुळणीची. चष्मा तसाच ठेवून उजवें भिंग हातानें झांकावें आणि मधल्या चाकानें डाव्या डोळ्यास दूरची पाटी स्पष्ट करावी. मग डावें झांकून, मधलें चाक न हालवितां, उजव्या बाजूचें लहान कडें फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्यास स्पष्ट करावी. एकदां ही जुळणी झाली कीं पुढें सारें काम मधल्या चाकानेंच होतें. त्यानंतर पांच मिनिटें सलग पाहावें. डोळे ओढल्यासारखे वाटले किंवा कपाळ दुखूं लागलें, तर दोन्ही नळ्यांचे रोख जुळलेले नसण्याचा संभव आहे. असली दुर्बीण डोळ्यांना ताप देते. शेवटीं पांढऱ्या आकाशासमोरील तारेवर बसलेला कावळा पाहावा. त्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकीं भिंगें चांगलीं.

"चष्मा काढून पाहिलें तर काय बिघडलें?" असें पुष्कळजण विचारतात. ज्याला केवळ दूरचें किंवा केवळ जवळचें अंधुक दिसतें, त्याची उणीव दुर्बिणीचें चाक बहुतेक भरून काढतें. परंतु नंबर फार मोठा असल्यास चाक फिरवून संपतें, तरी चित्र स्पष्ट होत नाहीं. आणि ज्याच्या चष्म्यांत आडवा-उभा असा निराळा, म्हणजे सिलिंडरचा नंबर आहे, त्याचा दोष चाकानें मुळींच जात नाहीं. त्यानें चष्मा ठेवलाच पाहिजे. शिवाय पक्षी आधीं दुर्बिणीशिवाय शोधावा लागतो. चष्मा काढला कीं फांदी अंधुक, लावला कीं दुर्बीण निरुपयोगी, ह्या धांदलींत पक्षी कोणाची वाट पाहतो? चष्मा नाकावर, दृष्टि पक्ष्यावर, आणि दुर्बीण अलगद मध्यें आणावी, हीच खरी रीत. ज्या पालकांचा चष्मा दुहेरी कांचेचा आहे, त्यांनीं मान सरळ ठेवून वरच्या भागांतून पाहावें. खालचा भाग वाचण्यासाठीं असतो.

ह्यांतून पालकांना कळकळीनें सांगावयाची एक गोष्ट निघते. एकाच दुर्बिणींतून दोन मुलें पाळीपाळीनें पाहत असतां, चष्मा नसलेल्या एखाद्या मुलाला प्रत्येक वेळीं चाक बरेंच फिरवावें लागत असेल, किंवा सोबत्यांना सहज दिसणारा पक्षी त्याला दुर्बिणीशिवाय कधींच दिसत नसेल, तर त्याच्या डोळ्यांत नंबर असण्याचा संभव आहे. अशा मुलाला फळ्यावरचेंहि नीट दिसत नसतें. तें सांगत नाहीं, कारण सर्वांना असेंच दिसतें अशी त्याची समजूत असते. घरचे त्याला आळशी म्हणतात, गुरुजी मंद म्हणतात! अशा वेळीं दुर्बिणीचे पैसे बाजूला ठेवावे आणि आधीं नेत्रवैद्याकडे जावें. मुलगी असेल तर "चष्मा लागला तर पुढें कसें होईल" ह्या विचारानें दिरंगाई करूं नये. दुर्बीण दूरचें जवळ आणते, पण चष्म्याची जागा घेत नाहीं.

घेतलेली दुर्बीण सांभाळणेंहि महत्त्वाचें. वऱ्हाडांत धूळ फार. भिंगावरची धूळ आधीं फुंकणीनें किंवा मऊ कुंचल्यानें उडवावी आणि मगच मऊ कापडानें हलकेंच पुसावें. सदऱ्याच्या टोंकानें किंवा पदरानें घासल्यास धुळीचे कण कांचेवर ओरखडे काढतात. वैशाखाच्या उन्हांत ती बंद मोटारींत किंवा गच्चीवर ठेवूं नये. पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढते, म्हणून घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पैसे थोडे अधिक घालणें शक्य असेल तर आंत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्यावी. तिच्या भिंगांवर आंतून वाफ धरत नाहीं.

आतां शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक घरानें दुर्बीण घ्यावी असें मी म्हणणार नाहीं. ज्या घरीं शाळेचे व शेतीचे खर्चच कसेबसे भागतात, तेथें ती अपेक्षा अन्यायाची होईल. पांच-सहा कुटुंबांनीं मिळून किंवा वर्गानें वर्गणी काढून एक चांगली दुर्बीण घेतली तरी पुष्कळ झालें. मात्र ती निवडण्याचा मान वर्गांतल्या सर्वांत जाड चष्म्याच्या मुलाला द्यावा. कारण उघड आहे. कमी अंतराची दुर्बीण चष्मा नसलेल्यांच्याच उपयोगी पडते. जास्त अंतराची दुर्बीण कडीं उतरवून चष्मेवाल्यांच्या आणि कडीं चढवून इतरांच्या, अशी सर्वांच्या उपयोगी पडते. ज्याची अडचण सर्वांत मोठी त्याला विचारून वस्तु घेतली म्हणजे ती कोणालाच अडत नाहीं. दुर्बिणीपुरता हा नियम तुम्हीं ह्या हिवाळ्यांत शहानूरच्या कांठीं पडताळून पाहा. इतर गोष्टींत तो कोठवर लागू पडतो, तें पुढें तुमचें तुम्हांला कळेल.